टॉवरखालीही अंधारच!

सिल्व्हासात शेजारच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला की त्या इमारतीतली मंडळी धास्तावतात. पण अँटेना आपल्या लहरी बहुतांशी समोर, आडव्या दिशेने फेकतो. म्हणजे इथेही दिव्याखाली अंधार! शिवाय अंतर दुप्पट झालं की तीव्रता चौथाईवर येते.

या रेडिओलहरी क्ष-किरणांसारख्या अणूतले इलेक्ट्रॉन उडवत नाहीत. त्यांचा नक्की ठाऊक असलेला परिणाम म्हणजे ऊतींना किंचित ऊब देणं. मग भीती कशाची? २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं त्यांना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा २बी गटात ठेवलं. याचा अर्थ पुरावा तोकडा, पण शंका पुरती फिटलेली नाही. २०२४ मध्ये ६३ अभ्यासांच्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली. ९०० मेगाहर्ट्झला ती चौरस मीटरमागे ०.४५ वॅट होती.

आपल्या सर्वांत जवळचा स्रोत म्हणजे हातातला फोन. खानवेलच्या डोंगरात सिग्नल क्षीण झाला की दूरच्या टॉवरपर्यंत पोहोचायला फोन अधिक शक्ती लावतो. भारतात फोनच्या लहरी शरीरात शोषल्या जाण्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे. बऱ्याच फोनवर *#०७# दाबलं की आपल्या फोनचा आकडा दिसतो.

तेव्हा सिग्नलची एकच काडी दिसत असेल, तर फोन कानाला लावू नका. इयरफोन वापरा आणि बोलणं आटोपतं घ्या.