शाळेचा मीटर कोण वाचणार?

घरी विजेचे बिल आले की आपल्याकडे काय होते, हे कोणी सांगायला नको. घरातली बाई आधी आकडा बघते. मग मागच्या महिन्याचा आकडा आठवते. संध्याकाळी घरधनी कामावरून आला की बिल त्याच्या हातात पडते आणि मुलांना ताकीद मिळते, "बाहेर जाताना पंखा बंद करत जा रे!" दहा बाय बारांच्या खोलीत राहणारे आपले कुटुंब विजेच्या एकेका युनिटचा हिशोब ठेवते.

पण आपली हीच मुले दिवसाचे पाच-सहा तास ज्या शाळेत बसतात, त्या शाळेच्या विजेचे बिल आपल्यापैकी कोणी कधी पाहिले आहे काय? आम्हीही पाहिले नव्हते. आमची दोन्ही मुले पालिकेच्या शाळेत शिकली. गणवेश, वह्या, शिष्यवृत्ती यांसाठी आम्ही शाळेच्या पायऱ्या झिजवल्या. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीकडे मात्र कधी मान वळवून पाहिले नाही.

आमचे डोळे उघडले ते एका ताईंमुळे. या ताई चार घरची धुणीभांडी करतात आणि वस्तीजवळच्या एका पालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर पालक सदस्य आहेत. एका रविवारी विहारात वंदना आटोपल्यावर त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या पोरीच्या वर्गातले चारपैकी दोन पंखे बंद आहेत. पोरं घामानं भिजतात. विचारलं तर सांगतात, विजेचं बिल फार येतं, खर्चाला पैसे नाहीत. पंखे बंद, मग बिल कशाचं येतं?"

प्रश्न साधा होता. आम्ही कारकुनी करणारी माणसे, शिक्षण बी. कॉम. जमाखर्चाचा ताळा जुळला नाही तर आमच्यासारख्याला झोप लागत नाही. दुसऱ्याच आठवड्यात ताई, आणखी दोन पालक आणि आम्ही शाळेत गेलो.

बिल भरणारा एक, बटण दाबणारा दुसरा

मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बिल परस्पर मुख्य कचेरीत जाते, तिकडेच भरले जाते. आमच्या हातात कागद येतच नाही. वरून फक्त सांगतात, वीज जपून वापरा."

खरी मेख इथेच आहे. कचेरीत बिल मंजूर करणाऱ्या कारकुनाने ती शाळा पाहिलेली नसते आणि शाळेत दिवे लावणाऱ्याने बिल पाहिलेले नसते. खर्च एका टेबलावर आणि वापर दुसऱ्या ठिकाणी, अशी फारकत झाली की नासाडी कोणाच्याच डोळ्यांत खुपत नाही. खेड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांची तऱ्हा याच्या उलट. तिथे तुटपुंज्या सादिल किंवा शाळा अनुदानातून बिल भागवावे लागते. अनुदान उशिरा आले की थकबाकी होते आणि वीज तोडली जाते. मग लोकवर्गणीतून घेतलेले संगणक कापडाखाली झाकून राहतात. कुठे गुरुजी खिशातून पैसे घालतात, कुठे गावकरी वर्गणी काढतात. शहर असो वा खेडे, झळ बसते ती मुलांनाच. आणि ती मुले कोणाची? ज्यांना खाजगी शाळेची फी परवडत नाही त्यांची, म्हणजे बहुतांशी आपलीच.

शनिवार दुपार ते सोमवार सकाळ

आम्ही बाईंच्या परवानगीने एक साधा प्रयोग केला. शनिवारी शाळा सुटल्यावर साडेबाराला मीटरचा आकडा वहीत लिहिला. सोमवारी सकाळी साडेसातला, शाळा भरण्यापूर्वी, पुन्हा लिहिला. मधल्या त्रेचाळीस तासांत शाळेला कुलूप होते, आणि तरीही मीटर २४ युनिट पुढे गेला होता!

शोध घेतला तेव्हा कळले की मैदानावरचे अडीचशे वॉटचे दोन दिवे राखणीसाठी रात्री लावावे लागतात, पण त्यांचे बटण कार्यालयाच्या आत होते. शिपाई मामांना शनिवारी कुलूप लावण्याआधीच दिवे लावून जावे लागे. ते दिवे रविवारी भर उन्हातसुद्धा जळत आणि सोमवारी सकाळीच विझत. त्यात मामांचा काही दोष नव्हता, बटणाची जागाच चुकीची होती. चोकसकट दोन्ही दिव्यांना तासाला साधारण अर्ध्या युनिटहून थोडी अधिक वीज लागते. म्हणजे दर आठवड्याला सुमारे दहा युनिट केवळ दिवसाउजेडी जळत होते. वर्षाला पाचशेच्या वर. लागोपाठच्या सुट्यांची भर वेगळीच.

पालकांतल्याच एका वायरमनने पालिकेच्या खात्याची रीतसर परवानगी घेऊन ते बटण राखणदाराच्या खोलीत हलवले. नंतरच्या सोमवारी मीटर फक्त १३ युनिट पुढे गेला होता. ताईंनी आकडा स्वतः वाचला आणि वहीत लिहिला. त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत.

आणि ते बंद पंखे? ते जळालेले नव्हतेच. त्यांचे कंडेन्सर गेले होते. ही किरकोळ किमतीची वस्तू, पण तेवढ्यासाठी कागद वर पाठवायचा आणि मंजुरीची वाट पाहायची! वाचलेल्या विजेचे पैसे तर पालिकेच्या तिजोरीत गेले. शेवटी पालकांनीच वर्गणी काढून कंडेन्सर आणले. पोरांच्या डोक्यावर वारा आला, पण आमच्या मनात एक सल राहिला. बचत शाळेने केली, तर तिचे फळ शाळेला का मिळू नये?

अर्धे शाळेला

हा प्रश्न इतरांनी सोडवून दाखवला आहे. जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरात १९९४ च्या सुमारास सरकारी शाळांसाठी 'फिफ्टी-फिफ्टी' नावाची योजना सुरू झाली. तिचा नियम सोपा होता. शाळेने वीज, पाणी आणि खोल्या उबदार ठेवण्याचा खर्च यांत जी बचत केली, तिच्यातली निम्मी रक्कम शाळेला स्वतःच्या गरजांसाठी मिळायची आणि निम्मी शहराच्या तिजोरीत राहायची. पुढे ही कल्पना युरोपातील अनेक शहरांनी उचलली. तिथले हवामान वेगळे, पैसा वेगळा. पण माणसाचा स्वभाव इथून तिथून सारखाच. ज्याला बचतीचा वाटा मिळतो तो बटणाकडे लक्ष ठेवतो.

आपल्याकडे ही मागणी करायला आधार आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असलीच पाहिजे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळतात. शाळेचा विकास आराखडा करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे कायद्यातच लिहिली आहेत. मग विजेचे बिल त्या समितीपुढे का येऊ नये? आपल्यातले किती पालक समितीवर नावापुरते असतात आणि ठरावावर सही करून घरी येतात, याचा विचार आपणही केला पाहिजे.

कार्यक्रम कसा सुरू करावा

आम्ही त्या शाळेत जे केले आणि जे करायचे राहिले, त्यावरून क्रम सांगतो.

पहिले काम, समितीत ठराव करून मागील बारा महिन्यांची बिले मागवावीत. प्रत्येक महिन्याचे युनिट, रक्कम आणि थकबाकी एका वहीत उतरवावी. बिलावरच्या तीन गोष्टी नीट पाहाव्यात. एक, दराचा वर्ग. सरकारी शाळांसाठी 'सार्वजनिक सेवा' हा वेगळा वर्ग आहे. जुन्या जोडणीला चुकून व्यापारी दर लागलेला असेल तर तो बदलून घ्यावा. दोन, मंजूर भार शाळेच्या गरजेपेक्षा फार जास्त तर नाही ना? तीन, रीडिंग प्रत्यक्ष घेतले आहे की सरासरीने बिल लावले आहे? मीटरची पेटी अडगळीत असेल तर सरासरीची बिले येत राहतात आणि खरा वापर कळतच नाही.

दुसरे काम, शाळेतील दिवे, पंखे, पंप, संगणक यांची मोजदाद. कोणती वस्तू किती वॉटची, दिवसाला किती तास चालते, चालू की बंद, हे सारे लिहावे. हजार वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट होते, एवढे गणित सहावीच्या मुलांना पुरे. ही मोजदाद मुलांकडूनच करून घ्यावी.

तिसरे काम, दर आठवड्याला मीटरचे वाचन आणि महिन्यातून एकदा आम्ही केला तसा सुटीच्या दिवसांचा प्रयोग. आकडा फळ्यावर लिहावा, सर्वांना दिसू द्यावा.

चौथे काम, ज्याला पैसा लागत नाही ते आधी करावे. खिडक्यांपुढची कपाटे हलवावीत, काचा आणि नळ्या पुसाव्यात, भिंतींना पांढरा रंग द्यावा म्हणजे उजेड वाढतो. वर्ग मैदानावर गेला की दिवे-पंखे बंद करण्याची पाळी मुलांत लावावी. टाकी भरून वाहू देऊ नये. एक अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण एक युनिट खातो, आणि वाहून गेलेले पाणी जाते ते निराळेच.

पाचवे काम, बदल. एका वर्गात जुन्या चार ट्यूबलाइट, चोकसकट प्रत्येकी ५५ वॉट, आणि चार पंखे, प्रत्येकी ७५ वॉट, असे धरले तर एकूण ५२० वॉट होतात. रोज सहा तास आणि वर्षाचे २२० दिवस धरून सुमारे ६८६ युनिट. त्याच जागी वीस वॉटच्या एलईडी नळ्या आणि तीस वॉटचे बीएलडीसी पंखे बसवले तर २०० वॉट, म्हणजे २६४ युनिट. एका वर्गामागे ४२२ युनिट वाचले. दहा वर्गांच्या शाळेत ४,२२० च्या आसपास. आपल्या बिलातील दराने गुणून पाहा. सगळे एकदम बदलायची ऐपत नसेल तर जुनी वस्तू बिघडेल तेव्हा नवी कमी विजेची घ्यावी. पंखा घेताना ताऱ्यांचे लेबल बघावे, जितके तारे अधिक तितकी वीज कमी. छतावर जागा असेल तर सौर पॅनेलचाही विचार करावा. एक किलोवॉटला सुमारे शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. पण आधी गळती बुजवावी, मगच पॅनेल घ्यावे. भोकाच्या हंड्यात पाणी ओतून काय उपयोग?

सहावे काम, अर्ध्या वाट्याची मागणी. नगरसेवक, शिक्षण समिती, जिल्हा परिषद सदस्य यांच्याकडे वहीतले आकडे घेऊन जावे. नुसती तक्रार ऐकली जात नाही, हिशोब मात्र ऐकावा लागतो. सर्व शाळांची बिले एका ठिकाणी मांडणारा एक जबाबदार अधिकारी असावा आणि ज्या शाळेने बचत केली तिला निम्मी रक्कम परत मिळावी, एवढीच मागणी.

बचत म्हणजे अंधार नव्हे

एक गोष्ट ठासून सांगतो. मुलांना उकाड्यात आणि अंधारात बसवून बिल कमी करणे ही बचत नव्हे, ती वंचना आहे. अंधार आपल्या वाट्याला पुरेसा आला आहे. बाबासाहेब परळच्या चाळीतील एका खोलीत मध्यरात्रीनंतर उठून दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत आणि सकाळी एल्फिन्स्टन हायस्कूल या सरकारी शाळेत जात. त्यांच्या कष्टांचा आपल्याला अभिमान आहे, पण आपल्या मुलांना तसेच कष्ट पडावेत हा त्याचा अर्थ नव्हे.

व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते सांभाळताना विजेचा विषय बाबासाहेबांकडेच होता, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविषयक धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा संबंध थेट उद्योगधंद्यांशी आणि गरिबी निवारणाशी जोडला होता. वीज ही त्यांच्या लेखी चैन नव्हती, गरिबाच्या सुटकेचे साधन होती.

आणि उधळपट्टीविषयी धम्म काय सांगतो? कोसंबीच्या उदेन राजाने भन्ते आनंदांना विचारले, इतकी चीवरे मिळाली, त्यांचे काय करणार? आनंदांनी सांगितले, ज्यांची जीर्ण झाली त्यांना देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे. ती फाटल्यावर? गादीची खोळ, मग पायपुसणे, मग फडके, आणि शेवटी चिंध्या मातीत कालवून जमीन सारवायला. राजा समाधान पावला. या कथेत कंजूषपणा नाही, कारण पहिले चीवर गरजूला मिळाले आहे. आधी ज्याची गरज त्याला द्यायचे आणि मग कणही वाया घालवायचा नाही. शाळेच्या विजेचा नियमही हाच असावा.

सहा डिसेंबरनंतर आठच दिवसांनी, १४ डिसेंबरला, राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. त्या दिवशी शाळांत घोषणा होतात, चित्रे काढली जातात. या वर्षी आपण दुसरे काही करू. प्रत्येक विहारातून चार पालक आपापल्या वस्तीच्या शाळेत जाऊ, मुख्याध्यापकांना नमस्कार करू आणि विचारू, "मीटर कुठे आहे?" सोबत एक वही आणि एक पेन असू द्या.

आमच्या त्या ताई अजूनही दर सोमवारी कामावर जाण्याआधी शाळेत डोकावतात. वहीत आकडा लिहितात आणि मुलीच्या वर्गातले चारही पंखे फिरताहेत ना, ते बघून मगच धुण्याभांड्याला जातात.

जयभीम!