दिवस राहण्याआधीचे सात दिवस

पाळी चुकली की घरात कुजबुज सुरू होते, ‘दिवस राहिले वाटतं.’ तोवर गर्भ दोन आठवड्यांचा झालेला असतो आणि त्याची सगळ्यात अवघड वाट केव्हाच सरलेली असते.

बीजांडकोशातून सुटलेलं स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं, म्हणजे रांगोळीच्या बारीक कणासारखं. त्याला फलनासाठी जेमतेम एक दिवस मिळतो. शुक्राणू पाच दिवसांपर्यंत तग धरतात. कोट्यवधी निघतात, गर्भनलिकेत बीजापाशी पोचतात ते मोजके. जो पहिला पोचला तो जिंकला, ही शर्यतीची गोष्ट मात्र खरी नाही. स्त्रीच्या शरीरात काही तास काढल्यावरच शुक्राणूला फलनाची ताकद येते. एक आत शिरला की बीज आपलं कवच असं बदलतं, की दुसऱ्याला वाट उरत नाही.

१६ ते १८ तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर बीजात दोन फिकट गोल शेजारी-शेजारी दिसतात. एकात आईची गुणसूत्रं, दुसऱ्यात बापाची. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मलेल्या मुलीचा प्रवासही शरीराबाहेर, काचेच्या बशीत असाच सुरू झाला होता.

मग पेशी दुभंगत जाते. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी आठ. गर्भ आकाराने मात्र वाढत नाही. भाकरीचे तुकडे करत जावं तसं. तुकडे वाढतात, भाकरी तेवढीच. या दिवसांत तो जगतो मुख्यतः आईने बीजात बांधून दिलेल्या शिदोरीवर. त्याची स्वतःची जनुकं नीट कामाला लागतात ती चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर. पाचव्या दिवशी आत पाण्याची पोकळी तयार होते. बाहेरच्या पेशी वार घडवणार, आतल्या पुंजक्यातून बाळ होणार. मग कवच सोडून सहाव्या-सातव्या दिवशी गर्भ गर्भाशयाच्या अस्तराला चिकटू लागतो.

अनेक गर्भ इथवर पोचतच नाहीत. बहुतेकदा गुणसूत्रांच्या वाटणीत चूक झालेली असते, आणि ती कुणाच्या हातात नसते. तरी घरोघरी बोल सुनेलाच लागतो. मूल राहिलं नाही तरी तिलाच, मुलगी झाली तरी तिलाच. मुलगा की मुलगी हे बापाच्या शुक्राणूतलं एक्स किंवा वाय गुणसूत्र ठरवतं, हे ठाऊक असलेल्या घरांतही.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत, बाईचं वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांत, तर डॉक्टरांकडे जा. दोघांनी जा. वीर्यतपासणी सोपी असते, तिला इंजेक्शन लागत नाही की भूल. ती सुरुवातीलाच करून घ्या.