पिशव्यांपाशी कोण बसणार?

"काकू, या बर्फातल्या फोटोंत मोठ्या काकू कुठेच कशा दिसत नाहीत?"

२०२३ च्या दिवाळीतली गोष्ट. मुलाचं लग्न ठरलं होतं, होणारी सून फराळाला आली होती आणि आम्ही जुने अल्बम काढून बसलो होतो. फोटो होते १९९९ च्या मे महिन्यातल्या आमच्या मनालीच्या ट्रिपचे. भाड्याचे लांबलचक कोट आणि गमबूट घालून रोहतांगच्या बर्फात मी, हे, भाऊजी, नणंदबाई, त्यांचे यजमान, पोरंटोरं... सगळे हजर! फक्त आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, एकाही फोटोत नाहीत.

"मी कुठनं असणार? मी खाली मढीला होते, पिशव्यांपाशी," चिवडा कालवता कालवता आक्का सहज म्हणाल्या.

मढी म्हणजे आपल्या कानिफनाथांची मढी नव्हे. मनालीहून रोहतांगला चढताना वाटेत हा चहा-नाश्त्याचा थांबा लागतो. माझा लेक तेव्हा दोन वर्षांचा. घाटात दोनदा ओकून मलूल झालेला. "राहू दे त्याला माझ्यापाशी, तुम्ही या जाऊन," असं आक्का म्हणाल्या आणि आम्ही खुशाल गेलो! तीन-चार तास ही बाई धाब्याच्या बाकावर बसून होती. मांडीवर माझं पोर आणि पायाशी सगळ्यांच्या पिशव्या. चोवीस वर्षांत माझ्या मनात एकदाही आलं नाही, की त्यांनाही बर्फात जावंसं वाटलं असेल.

"आक्का, तुम्हाला यायचं होतं का हो वर?"

त्या जरा थांबल्या. "यायचं होतं की. पण कुणीतरी थांबायलाच हवं होतं ना."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी मी लेकाला फोन केला. "तुझ्या मोठ्या आईला बर्फ दाखवायचाय." त्यानं पंधरा दिवसांत फेब्रुवारीची तिकिटं काढली.

आता आमचं गाव तासगावकडचं, घरची द्राक्षबाग. फेब्रुवारी म्हणजे ऐन हंगाम! माल उतरवायचा, बेदाण्याच्या शेडवर माणसं. "हंगामात दोघी सुना बर्फात खेळायला चालल्या, लोक काय म्हणतील?" भाऊजींनी विचारलंच. गंमत म्हणजे सगळ्यात मोठी अडचण आक्काच काढत होत्या. "मे महिन्यात जाऊ की." पण मेमध्ये सोलंगला स्कीइंगपुरता बर्फ राहत नाही आणि बर्फ काही आपल्या बागेचं वेळापत्रक बघून पडत नाही. शेवटी हेच म्हणाले, "वहिनी, नऊ दिवस आम्ही भाकरी थापू, नाहीतर विकत आणू. जावा तुम्ही."

मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीन, तिथून रात्रीच्या बसनं मनाली. मनाली साधारण दोन हजार मीटर उंचीवर आहे, आपल्या महाबळेश्वरपेक्षा सहा-सातशे मीटर वर. त्यामुळे पहिल्या दिवशी धावपळ केली नाही. गरम पाणी पीत, हळूहळू चालत हिडिंबा देवीचं देऊळ पाहिलं. देवदारांच्या गर्द झाडीतलं, १५५३ मध्ये बांधलेलं लाकडी मंदिर. थंडीनं दात वाजत होते, पण आक्का ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या!

दुसऱ्या दिवशी पायी भटकंती. वशिष्ठ गावात गरम पाण्याचे झरे आहेत, बायकांना अंघोळीची वेगळी सोय आहे. तिथून जोगिनी धबधब्याकडे पायवाट जाते. रमतगमत तासाभराची चाल. सफरचंदाच्या बागा, मध्येच देवदार, समोर बर्फाचे डोंगर. सावलीच्या जागी वाटेवर बर्फ गोठून काचेसारखा झालेला. तिथं काठी टेकत, आडवी पावलं टाकत गेलो.

वाटेत एका बागेत एक बाई छाटणी करताना दिसली. अंगावर लोकरीचा पट्टू, डोक्याला रुमाल, बाजूला किलटा, म्हणजे पाठीवर घ्यायची निमुळती टोपली. आक्का थांबल्याच. "हमारे यहाँ अंगूर का बाग है. छाटणी एप्रिल में और ऑक्टोबर में," आक्कांचं हिंदी सुरू. ती बाई हसली आणि दोघींची जी गट्टी जमली! बोलण्यातून कळलं, की यंदा जानेवारी जवळजवळ कोरडाच गेला, बर्फ पडला तो महिनाअखेरीस. सफरचंदाच्या झाडाला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी लागते. ती मिळाली नाही तर फुलोरा धड येत नाही. आम्हाला खेळायला हवा असलेला बर्फ म्हणजे तिचं यंदाचं पीक होतं. "अवकाळीनं आपला जीव जातो, तसा बर्फ नाही पडला की हिचा," आक्का परतताना म्हणाल्या.

आणि तिसऱ्या दिवशी सोलंग!

मनालीहून तेरा-चौदा किलोमीटर. वाटेत कोट आणि बूट भाड्यानं देणारी दुकानं ओळीनं लागतात. आमच्या ड्रायव्हरनं एका दुकानापाशी गाडी उभी केली. दुकानदार माझ्या मापाचे बूट शोधू लागला आणि आक्कांकडे बघून म्हणाला, "माताजी, आप यहीं बैठिए, चाय पीजिए. सामान देख लीजिए."

मला राग आला. पण तुम्हाला खरं सांगते, त्याच मिनिटाला माझी पर्स, मोबाइल आणि शाल मी आक्कांच्या हातात दिली होती. त्यांनी ती नेहमीसारखी घेतलीही होती! आम्ही दोघी त्या पर्सकडे बघत राहिलो. मग आक्काच हसायला लागल्या. "अगं, सवय बघ आपली!"

सगळ्या पिशव्या गाडीत टाकल्या, गाडीला कुलूप लावलं. झालं. चोवीस वर्षं ज्याच्यावर अडलं होतं, त्याचा उपाय एवढासाच होता.

स्कीइंगचे बूट म्हणजे शिक्षाच. कडक प्लास्टिकचे, जड, घोटा जराही वाकत नाही. चालताना आधी टाच टेकायची. मग बुटाचा चवडा स्कीच्या पट्टीत अडकवून टाच जोरात दाबली, की 'खट्ट' आवाज होतो. आता तुम्ही आणि त्या दोन लांब फळ्या एकच! जवळच्याच गावातला एक तरुण शिकवायला होता. त्यानं आधी चालवलं नाही, पडायला शिकवलं. तोल जातोय असं वाटलं, की डोंगराच्या बाजूला कुशीवर पडायचं. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच घसरगुंडी. थांबायचं असेल तर स्कीची पुढची टोकं जवळ आणणं, मागची फाकवणं आणि आतल्या कडांवर जोर देणं. गुडघे वाकलेले, वजन पुढे. घाबरून मागे रेललं, की पडलंच म्हणून समजा.

मी सात वेळा पडले. आक्का चार वेळा! वय एकोणसाठ, पण बागेच्या बांधावरून ओझं घेऊन चालायची सवय. गुडघे कसे वाकवायचे हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. पाचव्या खेपेला त्या सुटल्या त्या पंधरा-वीस पावलांचा उतार सरळ खाली, आणि टोकं जुळवून आपल्या आपण थांबल्या. काठ्या वर करून ओरडल्या, "अगं, थांबता येतंय मला!"

शिकवणाऱ्या मुलानं समोरच्या अंगाला बोट दाखवलं. तिकडं बुरुआ गाव. तिथल्या आंचल ठाकूरनं जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानात स्कीइंगचं कांस्यपदक मिळवलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं भारताचं पहिलं पदक म्हणून ते गाजलं. आक्का म्हणाल्या, "बघ, तिच्या गावच्या उतारावर आपण!"

मैत्रिणींनो, तुम्हालाही जावंसं वाटत असेल तर थोडं सांगते. महिनाभर आधीपासून जिने चढा, भिंतीला पाठ लावून गुडघे वाकवायचा व्यायाम करा. बीपी किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच जा. एकच जाड स्वेटर घालण्यापेक्षा एकावर एक तीन कपडे बरे. मोज्यांचा कोरडा जोड जवळ ठेवा. बर्फावरचं ऊन फसवं असतं, म्हणून गॉगल आणि क्रीम विसरू नका. कोट, बूट, स्की आणि शिकवणारा, सगळ्याचा भाव आधी ठरवा. लेकीला रीतसर शिकायचं असेल, तर मनालीतली अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था हिवाळ्यात स्कीइंगचे अभ्यासक्रम घेते.

परतताना मी आक्कांना म्हटलं, रोहतांग राहिलंच. फेब्रुवारीत तो रस्ता बर्फाखाली बंद असतो. "म्हणजे मढीपण बंद?" त्यांनी विचारलं. "मग बरंच झालं."

त्यानंतर एकदा आम्ही सगळे जोतिबाला गेलो होतो. पायऱ्यांपाशी चपला, डबे, पाण्याच्या बाटल्या, नेहमीसारखा ढीग झाला. सगळ्यांनी सवयीनं आक्कांकडे बघितलं. त्यांनी आपली पिशवी भाऊजींच्या हातात दिली. "तुम्ही बसा जरा इथं. आम्ही दर्शन घेऊन येतो, मग तुम्ही जावा."

भाऊजी बसले! आता घरी गेल्यावर एकदा तुमचाही अल्बम काढून बघा. फोटोत कोण नाही, तेवढं फक्त मोजा.