ब्रेकवरचा पहिला रुपया कुठे घालावा

वाशिम जिल्ह्यातल्या छोट्या गाडीचा ११ डिसेंबर २०२२ पूर्वी ताशी १२० किलोमीटर वेगाशी फारसा संबंध येत नव्हता. अकोला, हिंगोली, पुसद, रिसोड अशा वाटांवर खड्डे चुकवत, एसटीला बाजू देत, हंगामात सोयाबीनच्या ट्रॉल्यांमागे रखडत साठ-सत्तरने जायचे, एवढेच तिचे काम. त्या दिवशी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला. या महामार्गाचा सुमारे ९७ किलोमीटरचा भाग वाशिम जिल्ह्यातून जातो. कारंजा, शेलूबाजार किंवा मालेगावला वर चढले की दहा वर्षांची वॅगनआरसुद्धा १२०च्या कायदेशीर मर्यादेपर्यंत नेता येते. गाडी तीच, ब्रेक तेच, वेग मात्र दुप्पट. मग ब्रेक सुधारून घ्यावेत असे वाटणे अगदी रास्त आहे. अडचण पुढे आहे. सुधारणा म्हटले की डोळ्यांसमोर येते ती मोठी डिस्क, भोके पाडलेली डिस्क, लाल रंगाचा कॅलिपर, नाहीतर मागच्या ड्रमच्या जागी डिस्क. माझे म्हणणे असे की बेताच्या खिशाच्या माणसासाठी हा क्रम उलटा आहे. डोळ्यांत भरणाऱ्या वस्तूंनी गाडी थांबण्याचे अंतर जवळजवळ कमी होत नाही. ते कमी होते चार टायर, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, नीट बसवलेले मागचे लायनर आणि पुढच्या पॅडच्या एका जोडाने.

आधी हिशेब पाहू. चांगल्या टायरची गाडी कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर दर सेकंदाला साधारण २५ किलोमीटरने वेग सोडते. त्या दराने ताशी ६० वरून थांबायला २० मीटर लागतात, ८० वरून ३५ आणि १२० वरून जवळपास ८० मीटर. वेग दुप्पट झाला की अंतर चौपट होते, ते हे असे. यात पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा सेकंद धरलेला नाही. १२०च्या वेगात त्या एका सेकंदातच आणखी ३३ मीटर निघून जातात. आता उष्णता बघा. माणसे-सामानासह बाराशे किलोची गाडी १२० वरून थांबते तेव्हा तिची सगळी गती ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. ही उष्णता दोन लिटर गार पाण्याला उकळी आणायला पुरेल इतकी असते आणि ती जेमतेम पाच सेकंदांत निर्माण होते. थोडक्यात, ब्रेकला दोन वेगवेगळ्या परीक्षा द्याव्या लागतात. एकदाच जोरात थांबण्याची परीक्षा पकडीची असते, पुन्हा पुन्हा थांबण्याची परीक्षा उष्णतेची. खरेदीच्या चर्चेत या दोन्हींची सरमिसळ होते आणि पैसा भलत्याच ठिकाणी जातो.

पहिल्या परीक्षेत मर्यादा टायरची असते, ब्रेकची नव्हे. याची खात्री कुणालाही करता येते. मागेपुढे कुणी नसलेल्या कोरड्या रस्त्यावर ताशी चाळीसने जाताना ब्रेक पूर्ण ताकदीने दाबावा. एबीएस असेल तर पॅडल पायाखाली थरथरते, नसेल तर चाके जाम होऊन टायर किंचाळतात. दोन्हींचा अर्थ एकच: रस्ता आणि टायर मिळून जेवढी पकड देतात त्याहून जास्त जोर ब्रेकमध्ये आधीच आहे. मग डिस्क दोन इंचांनी मोठी केली तरी त्या जास्तीच्या जोराचे करायचे काय? टायरने हात टेकले की बाकीचे सगळे निरुपयोगी. उलट टायर झिजून किंवा कडक होऊन पकड निम्म्यावर आली, तर ८० मीटरचे अंतर १६० होते. ते भरून काढणारा कोणताही कॅलिपर बाजारात नाही.

म्हणून पहिली नजर टायरवर. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, पण पावसात पाणी बाहेर फेकायला तेवढी जेमतेमच पुरते. खोलीपेक्षा जास्त दुर्लक्ष होते ते वयाकडे. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. २३१८ असेल तर तो टायर २०१८च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्या घरच्या गाडीचा टायर झिजत नाही, पण विदर्भाच्या उन्हात उभा राहून त्याचे रबर टणक होते. वरून नक्षी शाबूत, आत पकड गेलेली, अशा टायरवर माणूस निर्धास्त राहतो. हवेचेही तसेच. दाराच्या कडेवरच्या चिठ्ठीत भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो, तो क्वचितच कुणी वाचतो. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, त्यामुळे तापतो. सिमेंटच्या तापलेल्या रस्त्यावर १२०च्या वेगात तर हे थेट टायर फुटण्याचे निमित्त.

यावर नेहमीचा आक्षेप असा: मग महागड्या गाड्यांना एवढ्या मोठ्या डिस्क कशाला देतात? त्यांचे कारखाने वेडे आहेत का? नाहीत. त्या गाड्या दीड-दोन टनांच्या असतात, दोनशेच्या पुढे पळतात आणि त्या वेगावरून त्यांना वारंवार थांबावे लागू शकते. मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते आणि लवकर सोडते. तिचा खरा उपयोग दुसऱ्या परीक्षेत. तुमच्या छोट्या गाडीचीही ही परीक्षा विकण्याआधीच घेतलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या १३-एच क्रमांकाच्या नियमावलीनुसार प्रवासी गाडीने ताशी १०० वरून ७० मीटरच्या आत थांबायला हवे. शिवाय पूर्ण भरलेली गाडी तिच्या कमाल वेगाच्या ८० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त १२०पर्यंत, नेऊन निम्म्या वेगावर आणायची, असे दर ४५ सेकंदांनी पंधरा वेळा करायचे आणि एवढे तापल्यावरही ब्रेक ठरलेल्या मर्यादेत थांबवतो का ते तपासायचे. भारतात गाड्यांच्या ब्रेकची चाचणी याच धर्तीवर होते. ती करणाऱ्या संस्थांपैकी पुण्याची एआरएआय ही एक. वाशिमच्या माणसाला लागोपाठ पंधरा वेळा असा ब्रेक मारायची वेळ कुठे येणार? समृद्धीवर तर ब्रेक क्वचितच लागतो. उष्णतेचा प्रश्न खरा येतो तो मेडशीकडून पातूरला घाट उतरताना, गाडीत पाच माणसे, डिकी भरलेली आणि पाय सतत ब्रेकवर ठेवलेला. तिथला उपाय गिअर एकने खाली घेणे हा आहे आणि तो फुकट आहे. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करून, काही जण तर इंजिन बंद करून गाडी सोडतात. इंजिन बंद झाले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पॅडल दगडासारखे होते. असे करणाऱ्याने डिस्कच्या आकाराची चर्चाच करू नये.

उष्णतेच्या परीक्षेतला सर्वांत कच्चा दुवा म्हणजे ब्रेक ऑइल, आणि सर्वांत स्वस्तही तेच. हे तेल हवेतली ओल शोषून घेते. बाटलीतले ताजे डॉट-३ तेल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४चे आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल थेट खाली जाते. थोड्या वेळाने सगळे थंड झाले की ब्रेक पुन्हा ठीक लागतो आणि गॅरेजवाल्याला काहीच सापडत नाही. ‘ब्रेक अचानक लागलाच नाही’ अशा तक्रारीत हे एक संभाव्य कारण असते, आणि तेल बदलून किती वर्षे झाली हा प्रश्न मात्र शेवटी विचारला जातो. दोन वर्षांनी तेल बदलावे, चारही चाकांवरून हवा काढून घ्यावी. टाकीच्या झाकणावर डॉट-३ लिहिलेले असले तरी डॉट-४ बहुतेक गाड्यांना चालते, पण मॅन्युअल पाहून टाकावे. डॉट-५ हे नाव पुढचे वाटते, म्हणून फसू नये. ते सिलिकॉनचे असते, या तेलांत मिसळत नाही. मजुरीसह साधारण हजाराच्या आतबाहेरच्या या कामाइतका परतावा ब्रेकवरच्या दुसऱ्या कुठल्याही खर्चात नाही.

मागचा ड्रम हा दुसरा दुर्लक्षित भाग. जुनाट म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जोरात ब्रेक लागला की गाडीचा भार पुढे झुकतो, त्यामुळे छोट्या गाडीत थांबवण्याचे बहुतेक काम पुढची चाके करतात. मागे ड्रम देण्यात कंपनीने फक्त पैसे वाचवले असे नव्हे. तेवढ्या कामाला ड्रम पुरतो आणि त्यातच हँडब्रेकही स्वस्तात होतो. मारुतीने २०१७च्या बलेनो आरएसला चारही चाकांना डिस्क दिल्या होत्या, पण साध्या बलेनोचे मागचे ड्रम त्यामुळे निकामी ठरले नाहीत. ड्रमचे दुखणे वेगळेच. तो झाकलेला, म्हणून कुणी उघडत नाही. अनेक वर्षांनी हातोडीने ठोकून ड्रम बाहेर काढला की आतून झिजलेल्या लायनरची काळी भुकटी पडते, तिच्यात काळ्या मातीचे वाळलेले पापुद्रे. लायनर आणि ड्रममधले अंतर आपोआप कमी करणारे दातेरी चाक मातीने जाम झालेले असते. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपणाखाली बोट फिरवले तर कधी तेलाचा ओलावा लागतो. अशा ड्रमला पॅडल दाबून लायनर टेकेपर्यंतच बराचसा पल्ला जातो. पॅडल खोल जाऊ लागले, हँडब्रेक पूर्वीपेक्षा दोन-चार दाते जास्त वर येऊ लागला, की ड्रम उघडायची वेळ झाली असे समजावे. साफसफाई, सिलिंडरचे रबर, गरज असेल तर लायनर. एवढ्याने पॅडल वर येते आणि गिऱ्हाइकाला वाटते की ब्रेक नवा बसवला. एक सूचना मात्र मेकॅनिकसाठी: ती भुकटी हवेच्या पाइपने उडवू नये. स्वस्त लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते आणि ती श्वासात घेण्याची वस्तू नव्हे. ओल्या फडक्याने पुसावी.

पॅडच्या बाबतीत पैसे टाकण्याजोगी खरी निवड आहे. काही पॅडच्या पाठीवर किंवा कडेला इंग्रजी अक्षरांचे जोड छापलेले असतात. पहिले अक्षर साध्या तापमानातली पकड सांगते, दुसरे तापल्यावरची. ‘एफएफ’ म्हणजे गरम झाल्यावरही त्याच श्रेणीत राहणारे पॅड. ‘एफई’ म्हणजे तापल्यावर पकड एका पायरीने उतरणारे. टिकाऊपणाची ही हमी नाही, पण डब्यावरच्या चमकदार शब्दांपेक्षा ही दोन अक्षरे बरीच प्रामाणिक. ओळखीच्या ब्रेक कंपनीचा किंवा गाडीच्या कंपनीचा जोड साधारण हजार ते अडीच हजारांत येतो. हुबेहूब डब्यातला नकली माल त्याच्या निम्म्यात मिळतो, आणि ती बचत घेऊ नये. शर्यतीचे म्हणून विकले जाणारे पॅड तर सरळ परत करावेत. ते तापल्यावर पकडतात, थंड असताना फारसे नाही. सकाळी मंगरुळपीरच्या चौकात पहिलाच ब्रेक मारणाऱ्याला त्यांचा काय उपयोग? भोके किंवा चिरा पाडलेल्या डिस्कचेही तेच. रस्त्यावरच्या गाडीत त्यांचा फायदा दिसत नाही. पॅड लवकर खाल्ले जातात आणि भोकांच्या कडेने तडे जाऊ शकतात. मूळ डिस्क बदलायची की ठेवायची, हे तिच्या कडेवर कोरलेल्या किमान जाडीच्या आकड्यावरून ठरवावे. थरथर थांबावी म्हणून डिस्क पुन्हा पुन्हा लेथवर मारून त्या आकड्याखाली नेणे घातक.

कुणी म्हणेल, पैसे असतील तर मोठी डिस्क आणि मागेही डिस्क बसवायला काय हरकत? हरकत दोन. पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी कंपनीने मोजूनमापून बसवलेली असते. मागचा जोर मनाने वाढवला, तर मागची चाके आधी जाम होऊन गाडी आडवी फिरू शकते. एबीएसचे गणितही मूळ भागांवर आधारलेले असते. दुसरी हरकत कायद्याची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वरील केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्वाळा दिला की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ रचनेपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत. अपघातानंतर विमा कंपनी हा मुद्दा काढणार नाही, असे धरून चालू नये. त्याच मापाचे टायर, पॅड, लायनर, तेल हा निव्वळ सुटा भाग बदलणे झाले. त्याला हा प्रश्न लागूच होत नाही.

खरा पेच जुन्या, एबीएस नसलेल्या गाडीचा आहे. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे. त्याआधीच्या स्वस्त मॉडेलांत ते बहुधा नसते, आणि ते नंतर घरगुती पद्धतीने बसवता येत नाही. अशा गाडीवर चाळीस-पन्नास हजारांचे ब्रेक चढवण्यापेक्षा ती रक्कम गाडी बदलताना एबीएस असलेल्या गाडीसाठी घालावी. तोवर कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या बाजूने रात्री जाताना वेग कमी ठेवणे हाच तिचा ब्रेक. डिपरच्या उजेडात साधारण पन्नास-साठ मीटरपलीकडचे नीट दिसत नाही. ८०च्या वेगात विचाराचा एक सेकंद धरून थांबायला ५७ मीटर लागतात. रोही रस्त्यावर येतो तो एवढे अंतर मोजून येत नाही.

खर्चाचा क्रम यातूनच निघतो. आधी तेल आणि मागचे ड्रम, मग टायरचे वय पाहून गरज असेल तर साधारण पंधरा-वीस हजारांचे चार टायर, पॅड झिजल्यावर चांगले पॅड. टायर एकदम चार परवडत नसतील तर दोन घ्यावेत, पण नवे दोन मागे लावावेत. पुढे लावायचा मोह होतो, मात्र ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली की गाडी सावरणे कठीण जाते. नवे पॅड टाकल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर ते डिस्कवर पूर्ण बसलेले नसतात. रिकाम्या रस्त्यावर साठ वरून वीसपर्यंत मध्यम जोराने दहा-बारा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत वेग उतरवावा, म्हणजे दोघांचे पृष्ठभाग जुळतात. हे काम वाशिम-रिसोड रस्त्यावर पहाटे करावे; शेलूबाजारला समृद्धीवर चढल्यानंतर नव्हे.