अधिक धावलेल्या जुन्या मोटारीची खरेदी

अधिक धावलेल्या जुन्या मोटारीची खरेदी हा वापरलेल्या वाहनांच्या बाजारातील एक व्यवहार असून त्यात मोटारीने कापलेले एकूण अंतर, तिचे वय, देखभालीच्या नोंदी आणि मागितलेली किंमत यांचा एकत्रित विचार करावा लागतो. भारतात सर्वसाधारणपणे एक लाख किलोमीटरपेक्षा अधिक धावलेली मोटार जास्त चाललेली समजली जाते. हा केवळ बाजारातील संकेत आहे; ती तांत्रिक किंवा कायदेशीर मर्यादा नव्हे. कापलेल्या अंतरासाठी व्यवहारात ‘रनिंग’ हा शब्द रूढ आहे. ‘मायलेज’ हा शब्द मराठीत बहुधा एक लिटर इंधनात कापल्या जाणाऱ्या अंतरासाठी वापरला जातो.

वय आणि अंतर

मोटारीच्या यंत्रभागांची झीज मुख्यतः अंतरावर अवलंबून असते, तर कायदा आणि विमा वर्षे मोजतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी वैध असते. त्यानंतर वाहन तपासून ती ५ वर्षांसाठी नूतनीकृत करता येते. महाराष्ट्रात १५ वर्षांहून जुन्या खासगी वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. विम्यासाठी मोटारीचे मूल्य ठरवतानाही पहिल्या ५ वर्षांचा घसारा वयानुसार धरला जातो. त्यामुळे कमी धावलेली, पण १३ वर्षांची मोटार यांत्रिक दृष्ट्या चांगली असूनही नोंदणीच्या मुदतीजवळ आलेली असू शकते. याउलट १ लाख ३० हजार किलोमीटर धावलेल्या ६ वर्षांच्या मोटारीच्या नोंदणीची ९ वर्षे शिल्लक असतात.

वापराचे स्वरूप

समान अंतर धावलेल्या दोन मोटारींची झीज समान नसते. महामार्गावर एकसारख्या वेगाने धावताना इंजिन योग्य तापमानावर राहते आणि क्लच, ब्रेक व गिअर यांचा वापर कमी होतो. शहरातील गर्दीत, विशेषतः रोजच्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत, क्लच व ब्रेक लवकर झिजतात. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या अनेक डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी इंजिन पुरेसे तापणे आवश्यक असल्याने केवळ छोट्या फेऱ्यांमुळे ती तुंबू शकते. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरी, टायर आणि रबरी भागही खराब होतात.

नियमित देखभालीने इंजिन किती टिकू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील अर्व गॉर्डन यांच्या १९६६ च्या व्होल्व्हो पी १८०० या मोटारीचे आहे. या मोटारीने २०१३ मध्ये ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर अंतर पूर्ण केले.

अंतराच्या नोंदीची पडताळणी

मीटर मागे फिरवून मोटार कमी धावल्याचे भासवणे हा या बाजारातील मोठा धोका आहे. आधुनिक मोटारींतील अंकीय मीटरही उपकरणाच्या साहाय्याने बदलता येतो. त्यामुळे मीटरवरील आकडा हा पुरावा न मानता तपासण्याचा दावा मानणे योग्य ठरते. सेवा केंद्राच्या पावत्यांवर तारीख व किलोमीटर नोंदवलेले असतात. त्या क्रमाने लावल्यास विसंगती लक्षात येते. पेडलचे रबर, स्टिअरिंगचे आवरण आणि चालकाचे आसन यांची झीज आकड्याशी जुळणारी असावी लागते. टायरच्या कडेवरील चार अंक निर्मितीचा आठवडा व वर्ष दर्शवतात; उदाहरणार्थ, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ३० हजार किलोमीटर धावल्याचे सांगितलेल्या मोटारीचे चारही टायर बदललेले असल्यास त्याचे कारण विचारणे आवश्यक ठरते.

यांत्रिक तपासणी

इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करून पाहिल्यास अनेक दोष प्रकट होतात. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे, काळा धूर इंधन पूर्ण जळत नसल्याचे, तर इंजिन तापल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर कूलंट इंजिनात शिरत असल्याचे लक्षण असू शकते. टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनात तो उत्पादकाने ठरवलेल्या अंतरावर किंवा मुदतीत बदललेला असणे महत्त्वाचे असते. तो तुटल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह व पिस्टन एकमेकांवर आदळून मोठे नुकसान होते. क्लच, शॉक ॲब्सॉर्बर आणि सस्पेन्शनचे बुश हे झिजणारे भाग असून ते बदलता येतात. अपघातात वाकलेली किंवा गंजलेली चौकट मात्र पूर्ववत करणे अवघड असते. म्हणून विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासणी करून घेतली जाते.

कागदपत्रे व दायित्व

‘वाहन’ या शासकीय प्रणालीत नोंदणी, विमा व कर्जाचा बोजा यांची माहिती पाहता येते. मालकी हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३०, तर कर्जाची नोंद काढण्यासाठी नमुना ३५ वापरला जातो. परराज्यातील मोटारीसाठी मूळ नोंदणी प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्यातील कराचा खर्चही धरावा लागतो. हस्तांतरण टाळणे विक्रेत्यासही धोक्याचे असते: नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये, मोटार प्रत्यक्षात विकलेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतील मालकच जबाबदार राहतो, असा निर्णय दिला. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ खरेदीदारास मिळत नाही.

किंमत व निर्णय

मागितलेल्या किमतीत लगेच करावी लागणारी कामे, हस्तांतरण व विमा यांचा खर्च मिळवल्यावरच मोटारीची खरी किंमत कळते. समजा, ७ वर्षांच्या दोन मोटारींपैकी एक १ लाख ४० हजार किलोमीटर धावलेली असून तिच्या सर्व पावत्या उपलब्ध आहेत. दुसरी ४५ हजार किलोमीटर धावल्याचे सांगितले जाते, पण नोंदी नाहीत आणि किंमत दीड लाखाने अधिक आहे. पहिलीच्या क्लच, सस्पेन्शन व टायरांवर ८० हजार रुपये लागले, तरी ती ७० हजारांनी स्वस्त पडते आणि तिचा पूर्वेतिहासही ज्ञात असतो. पुढे विकताना मात्र तिला कमी किंमत येण्याची शक्यता असते. नोंदी नसणे, चौकटीला इजा असणे किंवा कागदपत्रांत तफावत असणे यांपैकी एक जरी दोष आढळला, तरी कमी किंमत हे खरेदीचे पुरेसे कारण ठरत नाही.