नवऱ्याचं सिबिल आणि बाईचा बीपी

विहारातल्या आरोग्य तपासणीत बीपीचा पट्टा बांधताना आम्ही झोप, मीठ, गोळ्या यांची चौकशी करतोच. हल्ली आणखी एक प्रश्न विचारतो: घरातला हप्ता कोणाच्या नावावर आहे? भगिनी आधी बिचकतात, मग हळू आवाजात सांगू लागतात. नवरा सातपूरला किंवा अंबडला कंत्राटावर होता, काम सुटलं, गाडीचे हप्ते बाऊन्स झाले, सिबिल खराब झालं. आता त्याला कुणी दारात उभं करत नाही. म्हणून फ्रीज हिच्या नावावर, गटाचं कर्ज हिच्या नावावर, मुलीच्या फीसाठी मोबाईलवरच्या अ‍ॅपमधून उचललेले पैसेही हिच्याच नावावर. बीपीची गोळी मात्र एक दिवसाआड, कारण पाकीट महिनाभर पुरवायचं असतं.

पैसा आटला की पहिली काट बाईच्या औषधाला बसते, हे आम्ही घरोघरी पाहतो. बीपी दुखत नाही. गोळी सोडली तरी काही दिवस काहीच जाणवत नाही, आणि मग एके दिवशी लकवा मारतो किंवा किडनीचा रिपोर्ट बिघडलेला येतो. म्हणून कर्जाचा विषय आरोग्याच्या पानावर आणावा लागतो.

सिबिलबद्दल वस्तीत माहिती कमी आणि भीती फार. सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. बँका आणि फायनान्सवाले आपल्या हप्त्यांची माहिती त्यांना कळवतात, त्यावरून 300 ते 900 मधला आकडा निघतो. 750 च्या वर असला तर कर्ज सहज मिळतं. प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. नवरा-बायकोने दोघांचे रिपोर्ट एकाच दिवशी काढावेत आणि समोरासमोर बसून वाचावेत. फेडलेलं कर्ज थकीत दाखवलं असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत तक्रारीचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लग्न झालं म्हणून नवऱ्याचा शेरा बायकोच्या रिपोर्टवर चढत नाही. चढतो तो सहीमुळे. तुम्ही सहकर्जदार झालात किंवा जामीनदार म्हणून अंगठा दिलात, की ते कर्ज तुमचंही झालं. त्याने हप्ता चुकवला तर आकडा तुमचाही पडतो. मग घरात कर्ज मिळण्यासारखं एकही माणूस उरत नाही, आणि उद्या ऑपरेशन निघालं तर सावकाराशिवाय वाट नसते. घरात एक रिपोर्ट स्वच्छ ठेवणं ही दोघांची सोय आहे, हे नवऱ्यालाही पटवता येतं.

आम्ही नवऱ्यांना गुन्हेगार ठरवत नाही. बहुतेकांचं सिबिल दारूने नाही, कंत्राटी नोकरीने खराब झालेलं असतं. पण तो नाकारला गेला याची लाज तिने सहीने झाकायची, हा न्याय कुठला? 20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं होतं की पत्नीने पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभं राहावं, दासी होऊ नये. मैत्रीण सोबत बसून हिशेब करते आणि न वाचलेल्या कागदावर सही करायला नाही म्हणते. बळजबरीने सही घेणं, पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ मानला आहे. मदतीसाठी 181.

मग घरखर्च वाटायचा कसा? निम्मा-निम्मा हा आम्हाला खोटा न्याय वाटतो. तो सहा हजार आणतो आणि ती बारा, तर त्याने एक वाटा उचलावा आणि तिने दोन. ती घरात राबते तेही हिशेबात धरा. भाडं, किराणा, गॅस, वीज, औषध आणि फी हे खर्च आधी काढून ठेवा. उरलेल्यातून हप्ते. ज्याचं जुनं कर्ज, त्याचा हप्ता त्याच्या कमाईतून, मग थोडाथोडा का असेना. बँकेने कमी पैशात सेटलमेंट देऊ केली, तर रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षे नडतो. जमत असेल तर पूर्ण फेडून 'क्लोज्ड' करून घ्या आणि ना-हरकत पत्र जपून ठेवा. वीजबिल थकलं तर महावितरणला लेखी 15 दिवसांची नोटीस दिल्याशिवाय जोडणी तोडता येत नाही. तेवढी सवड असते, घाबरून अ‍ॅपवरून पैसे उचलू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. तिथे रांग असते, हे खरं. हप्त्याच्या रांगेपेक्षा ती बरी.

गटाचं कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्सवाल्यांनाही 2022 पासून नियम आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या पुढे जाता कामा नयेत. यात नवऱ्याचे हप्तेही धरायचे असतात. म्हणून फॉर्म भरताना एजंट 'त्यांचं कर्ज सांगू नका' म्हणाला, तर तो तुमच्या गळ्यात फास अडकवतो आहे. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीचा तगादा लावता येत नाही, शिवीगाळ चालत नाही, आणि ठरलेल्या जागी तुम्ही लागोपाठ दोनदा गैरहजर राहिल्याशिवाय वसुलीला घरी येता येत नाही. आधी त्या कंपनीकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, फोन 14448.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांत, दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. त्याने भिक्खूंसाठी 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, 2000 दरमहा शेकडा एक व्याजाने आणि 1000 पाऊण टक्क्याने. त्या काळी या मुलखात कष्टकऱ्यांची पत अशी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे पैसा ठेवी. आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी राहणारी आपली बाई वर्षाला वीस टक्क्यांच्या वर व्याज भरते. तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली, त्यातलं एक ऋणमुक्तीचं. 

दार वाजलं की छाती धडधडते, रात्री दोनला जाग येते, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं, असं होत असेल तर 14416 वर टेली मानसला फोन करा. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. हा नंबर नवऱ्यालाही लावून द्या. कर्जात अडकलेला पुरुष गप्प गप्प राहतो, आणि घरातले त्याला रागीट समजून बाजूला होतात.