विड्या वळणारे हात आणि नुकसानभरपाई : गैरसमज आणि वस्तुस्थिती

ओलावलेले तेंदूचे पान फर्म्याच्या मापाने कापायचे, चिमूटभर तंबाखू भरून वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा गुंडाळायचा. अहिल्यानगर-संगमनेरच्या विडी कामगार बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. म्हणजे हजाराची मजुरी हवी, तर बोटांनी हजार वेळा तेच करायचे. पुढे अंगठा बधिर होतो, रात्री मुंग्यांनी झोप मोडते. मग प्रश्न येतो भरपाईचा, आणि त्याभोवती गैरसमज फार आहेत.

गैरसमज : कामाने हात गेला, म्हणजे भरपाई मिळणारच.
वस्तुस्थिती : १९२३ च्या भरपाई कायद्यात व्यावसायिक रोगांची यादी होती. उसाच्या चिपाडाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा रोग तीत होता, पण त्याच त्या हालचालीने झिजलेले मनगट नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ही उणीव भरून काढलेली नाही. यादीबाहेरचा आजार कामावरच्या अपघाती इजेतूनच झाला, हे दाखवावे लागते.

गैरसमज : यादीत नाही, म्हणजे काहीच मिळत नाही.
वस्तुस्थिती : नागापूर किंवा सुपे एमआयडीसीतल्या कामगाराचा ईएसआय विमा असेल, तर आजारपणाचा लाभ मिळतो. त्यासाठी आजार कामामुळे झाला हे सिद्ध करावे लागत नाही. वर्गणीची अट पूर्ण असली की वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते.

गैरसमज : विड्या घरी वळते, म्हणून मी कामगार नाही.
वस्तुस्थिती : १९६६ च्या विडी कामगार कायद्यानेच घरी काम करणारीला कामगार मानले. भविष्यनिर्वाह निधीवरचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केला. म्हणून विडी कार्ड आणि मजुरीची नोंद जपून ठेवा. कामाचा पुरावा तोच.

गैरसमज : वकील परवडत नाही, नंतर बघू.
वस्तुस्थिती : भरपाईचा दावा साधारण दोन वर्षांच्या आत करावा लागतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

दुखणे सुरू होताच डॉक्टरांना दाखवा. काम कोणते, रोज किती तास आणि किती वर्षे, हे केसपेपरवर लिहून घ्या. पुढे सगळे त्याच कागदावर उभे राहते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० च्या आपल्या यादीत मनगटातली नस दबण्याचा आजार कामाचा आजार म्हणून घेतला आहे. आपल्या यादीतही तो यायला हवा, आणि ही मागणी कामगार संघटनांनी लावून धरली पाहिजे. ज्या हातांवर घरे चालली, त्यांची झीज कायद्याला दिसलीच पाहिजे.